मॅट्रन एल्डा ब्रुन्स

फोन आला तेव्हा मी नुकतंच सँडविच कागदातून बाहेर काढलं होतं.

"तुमच्या कायद्यात माझी आई बसत नाही," पलीकडून एक बाई म्हणाल्या. नाव नाही, गाव नाही, नमस्कार-चमत्कार नाही.

"कुठल्या कायद्यात, बाई?"

"पोलिसांच्या भिंतीच्या. तुमच्या साहेबांच्या. काल लायब्ररीत बसून अख्खा वाचला मी. अटक करायचा अधिकार असलेला, शपथ घेतलेला अधिकारी, असं लिहिलंय तुम्ही. माझी आई हॅडली काउंटीच्या तुरुंगाची मॅट्रन होती. बासष्ट साली तिथेच मारलं तिला. तिला अटक करायचा अधिकार नव्हता. मरायचा तेवढा होता."

मी सँडविच खाली ठेवलं.

राज्याच्या राजधानीत, लिंकनला, विधानभवनात, सिनेटर कर्टिस हॅग्लंड यांच्या कचेरीत मी तेव्हा सहा वर्षं काम करत होते. साहेब मूळचे हायवे पोलिसांतले. तीस वर्षं रस्त्यावर काढली, दोन सहकारी रस्त्यावरच गमावले, आणि निवृत्त झाल्यावर निवडणुकीला उभे राहिले ते एकाच कामासाठी. कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांची नावं कोरलेली एक भिंत विधानभवनाच्या हिरवळीवर उभी करायची. विधेयक दोनदा आणलं होतं. एकदा जागेच्या वादात अडकलं, एकदा अधिवेशनच संपलं. हे तिसरं वर्ष. नावांची यादी विधेयकालाच जोडली होती, एकशे त्रेचाळीस नावं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि साहेब रोज सकाळी आम्हाला बजावायचे, "यंदा कुठे माशी शिंकू देऊ नका."

फोनवरच्या बाईंचं नाव आर्लिस व्होबोरिल. पुढच्याच मंगळवारी त्या न्यू ब्रेमेनहून अडीच तास गाडी चालवत आल्या. वय सहासष्ट, बुटक्या, खांदे भरदार. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. बर्फाळ वाऱ्यात त्या पायऱ्या चढून आल्या ते काखेत कोलाचेचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचा, डबा घेऊन. खसखशीचे आणि जर्दाळूचे.

"लाच आहे," डबा माझ्या टेबलावर ठेवत म्हणाल्या. "आधी खा, मग नाही म्हण."

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा शेरीफचं घर आणि काउंटीचा तुरुंग एकाच छपराखाली असायचे. नवरा शेरीफ म्हणून निवडून आला की तुरुंग बायकोच्या गळ्यात. कैद्यांचा स्वयंपाक तिने करायचा, चादरी तिने धुवायच्या, बायका कैदी आल्या तर त्यांचा ताबा तिच्याकडे. त्यासाठी काउंटी तिला मॅट्रन म्हणून नेमायची. आर्लिसचे वडील ओटो ब्रुन्स शेरीफ, आई एल्डा मॅट्रन. आर्लिस नऊ वर्षांची.

"ऑक्टोबर होता. गुरुवार. साडेपाच वाजले असतील. बाबा शेजारच्या काउंटीतून कुणाला तरी आणायला गेले होते. रॉय डेकर नावाचा एक कैदी कोठड्यांबाहेरच्या बोळात फरशी पुसत होता. त्याला बाबांनीच मोकळा ठेवलेला, शहाण्यासारखा वागतो म्हणून. आई जेवणाची ताटं घेऊन आत गेली. मी तिच्या मागे लागले होते, मैत्रिणीकडे जाऊ दे म्हणून. रडारड, पाय आपटणं, सगळं चाललेलं. स्वयंपाकघरातून तुरुंगात जायचं जे दार होतं ना, तिथपर्यंत गेले मी. तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडावर दार आपटलं."

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"ते दार लागलं की आपोआप कुलूप लागायचं. मी थापा मारल्या. मला वाटलं, रागावली. मग आवाज आले. दोन दिवसांनी ती दवाखान्यात वारली. शुद्धीवर आलीच नाही. तिचं शेवटचं काय आठवतं विचारशील, तर ते दार."

"आणि काउंटीने काय केलं?"

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. काउंटीचा अहवाल, एका पानाचा. त्यातलं एक वाक्य त्यांनी पेनने अधोरेखित केलं होतं. पेन इतका दाबला होता की कागद फाटला होता. मॅट्रनच्या किल्ल्या एका महिला कैद्याच्या कोठडीत, गादीखाली सापडल्या.

"एवढंच लिहिलंय. पण गावाला एवढं पुरलं. म्हणे एल्डा कैद्यांशी फार गोडीने वागायची, किल्ल्याच देऊन बसली. म्हणे स्वतःच ओढवून घेतलं. बाबा पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. काकांच्या शेतावर गेलो आम्ही. मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आईच्या दगडावर काय आहे माहितीये? 'ओटो यांची पत्नी'."

मी त्यांना साहेबांकडे नेलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मिसेस व्होबोरिल, मॅट्रन हा शब्द घालायला माझी ना नाही. आजच घालतो. पण हा कागद? समितीत कुणीतरी हा काढणारच. मग प्रश्न फक्त तुमच्या आईचा राहत नाही. एकशे त्रेचाळीस घरं वाट बघतायत."

"सिनेटर, तुम्ही हायवेला असताना गाडीत किल्ली विसरला नाहीत कधी?"

"विसरलो की. दोनदा."

"मग?"

"मी मेलो नाही," साहेब म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. "माफ करा. असं म्हणायचं नव्हतं मला."

बाईंनी हाताने ते झटकलं. "खरं तेच बोललात. चालू द्या."

साहेब खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, "आपल्याकडे प्रत्येक विधेयकाची सुनावणी होते आणि ती सगळ्यांना खुली असते. या. बोला. दुरुस्ती मी स्वतः मांडतो, वेगळी. पडली तर दुरुस्ती पडेल, विधेयक वाचेल. याहून जास्त मला आज कबूल करता येत नाही."

"एवढं तरी साठ वर्षांत कुणी कबूल केलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडून त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी जर्दाळूचा घेतला.

पुढच्या आठवड्यात एका स्थानिक पेपरात बाईंवर छोटा मजकूर आला, त्यांच्या आणि आईच्या फोटोसकट. त्यानंतर दोन दिवसांनी मला एक फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण ठणठणीत.

"त्या सुनावणीत बोलायचं असेल तर काय करावं लागतं?"

मी सांगितलं. हिरवा कागद भरायचा, खुर्चीत बसायचं, आधी नाव सांगायचं, नावाचं स्पेलिंग सांगायचं, मग तीन मिनिटं बोलायचं.

"नाव मोठ्याने सांगावं लागतं?"

"हो. नोंद होते ना."

"आणि टीव्हीवर दिसतं म्हणे?"

"दिसतं. कुणालाही घरबसल्या बघता येतं."

"बरं," आवाज म्हणाला. "बरं." आणि फोन बंद झाला. मी साहेबांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय?

सुनावणी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. खोली भरलेली. गणवेशातले पोलिस भिंतीला टेकून उभे, पुढच्या रांगांत विधवा, मुलं, एका बाईच्या मांडीवर नवऱ्याचा जुना फोटो. साहेबांनी विधेयक मांडलं, मग दुरुस्ती मांडली. एकामागून एक लोक बोलले. आर्लिसबाई सातव्या. त्यांनी नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं आणि अगदी सरळ, बस चालवावी तशी, आपली गोष्ट तीन मिनिटांत कडेला नेऊन उभी केली. वेळ संपल्याचा लाल दिवा लागायच्या आत.

मग समितीतले सिनेटर प्रिचर्ड पुढे झुकले. तरुण वकील, माणूस वाईट नव्हता, पण कागद वाचून येणारा.

"मिसेस व्होबोरिल, तुमच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. पण काउंटीच्या अहवालात म्हटलंय की मॅट्रनच्या किल्ल्या एका कैद्याकडे सापडल्या. त्या तिथे कशा गेल्या, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"तुमच्या वडिलांनी कधी..."

"नाही. कुणीच कधी सांगितलं नाही." त्यांचे हात टेबलाच्या कडेवर होते. बोटं पांढरी पडलेली. "मी दाराच्या या बाजूला होते, सिनेटर."

"धन्यवाद," प्रिचर्ड हळू आवाजात म्हणाले. साहेब छताकडे बघत होते. संपलं, मला वाटलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "विधेयकाच्या बाजूने आणखी कुणाला बोलायचं आहे?"

मग शेवटच्या रांगेतून आवाज आला, "मला. पण मी तो हिरवा कागद भरलेला नाही."

एक उंच, वाळकी म्हातारी काठी टेकत उठली. निळा कोट, ओठांना लाली. तिच्या शेजारची पन्नाशीची बाई तिचा कोट ओढत कुजबुजली ते अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. "आई! कुठे चाललीस? आपली डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ चुकेल!"

"डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या, शेरिल. बस तू."

मी धावत कागद घेऊन गेले. तिने त्यावर नाव लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "फोनवर तूच होतीस ना, पोरी?" मग ती खुर्चीत बसली, काठी टेबलाला टेकवून ठेवली, आणि मायक्रोफोन जवळ ओढला.

"माझं नाव मर्ना जोस्ट." तिने स्पेलिंग सांगितलं. "बासष्ट साली मर्ना केस्टर होतं. हॅडली काउंटीच्या तुरुंगात मी नऊ आठवडे होते. मोटार चोरली होती. सत्तावन्नची फोर्ड. गाडी छान होती, मित्र बेकार निघाला."

पोलिसांमधून कुणीतरी हसू दाबलं. शेरिलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मघाशी त्या सिनेटरनी विचारलं, किल्ल्या तिथे कशा गेल्या. त्या माझ्या गादीखाली होत्या. मीच ठेवल्या. सांगते कशा. माझी कोठडी सगळ्यात अलीकडची, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. मिसेस ब्रुन्स माझं ताट देत होत्या. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं, कारण तिथे त्यांची पोरगी उभी होती, हट्ट करत. डेकर फरशी पुसत होता. त्याने फडक्याचा दांडा उचलला. त्यांनी बघितलं, मीही बघितलं. त्याला ते दार हवं होतं. दारापलीकडे घर, घरापलीकडे रस्ता. आणि मध्ये ती पोरगी."

वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला होता.

"त्या पळू शकल्या असत्या. दोन पावलं होती. घरात शिरून दार लावून घेता आलं असतं. पण तो एक-दोन हातांवर होता, त्यांच्याबरोबर तोही घरात घुसला असता. त्यांनी दार तुरुंगाच्या बाजूनेच ओढलं. धाडकन. आणि तो पोहोचायच्या आत किल्ल्यांचा जुडगा माझ्या गजांतून आत फेकला. म्हणाल्या, 'धर. देऊ नकोस.' एवढंच. मी तो गादीखाली सारला आणि वर बसले. त्याने त्यांना विचारलं किल्ल्या कुठेत. परत परत विचारलं. त्या बोलल्या नाहीत. मग तो माझ्या गजांशी आला, हात घालून ओढायला लागला, पण मी कोपऱ्यात, त्याचा हात पोचेना. मी घसा फाटेस्तोवर ओरडत होते. शेरीफ आले तेव्हाही मी बसूनच होते. उठायला सांगितलं तरी उठेना, म्हणतात. मला आठवत नाही."

लाल दिवा लागला. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही?" प्रिचर्डनी विचारलं. आवाज बदलला होता त्यांचा.

"दोनदा सांगितलं. शेरीफचा डेप्युटी म्हणाला, मोटारचोर पोरीचं कोण ऐकतंय. लिहूनच घेतलं नाही. मग मला दुसऱ्या तुरुंगात हलवलं, सुटले, लग्न झालं. चव्वेचाळीस वर्षं संसार केला. नवऱ्याला माहीत नव्हतं की मी तुरुंगात होते. माझ्या मुलीला आत्ता, तुमच्याबरोबरच कळतंय." तिने मान वळवली. आर्लिसबाई पहिल्या रांगेत होत्या. "बाई, पेपरात तुमचा फोटो पाहिला आणि तीन रात्री झोप लागली नाही. मी आधी यायला हवं होतं. लाज वाटत होती. तुमच्या आईने दार तुमच्यावर रागावून लावलं नव्हतं."

आर्लिसबाई उठल्या. अशा वेळी मध्ये उठायचं नसतं, नियम आहे, पण त्यांना कुणी अडवलं नाही. त्या टेबलापाशी गेल्या आणि म्हातारीच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून एक आवाज आला, रडण्याचा नव्हे. खूप लांबून ओझं आणून खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा श्वास होता तो. भिंतीशी उभ्या असलेल्या पोलिसांनी एकेक करत टोप्या काढल्या.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "विरोधात कुणाला बोलायचं आहे?" आणि लगेच, थांबता न थांबता, "नसावं."

बाहेर शेरिल आईला धरून भिंतीशी उभी होती. मला वाटलं, आता भांडण होणार.

"सत्तावन्नची फोर्ड?" शेरिल म्हणाली. "आणि मी सोळा वर्षांची असताना तुझी गाडी न विचारता नेली, तेव्हा महिनाभर घरात कोंडलं होतंस मला!"

"म्हणूनच कोंडलं," मर्ना म्हणाली. "मला माहीत होतं ना पुढे काय होतं ते."

शेरिल हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग तिने आर्लिसबाईंना विचारलं, जेवलात का. तिघी खाली कँटीनमध्ये गेल्या. त्या दिवशी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा होता, सोबत दालचिनीचा गोड रोल. साहेब मागाहून गेले आणि त्यांच्याच टेबलावर बसले. काय बोलणं झालं माहीत नाही, पण परत आले तेव्हा कोटाच्या बाहीला साखर लागली होती आणि ते स्वतःशीच शीळ घालत होते.

दुरुस्ती समितीत आठ विरुद्ध शून्य अशी मंजूर झाली. मंजुरीचा प्रस्ताव मांडला सिनेटर प्रिचर्डनी. यादीत नाव वाढलं, एकशे चव्वेचाळीस. पण विधेयकं समितीतून बाहेर पडून सभागृहात मरतात हे आम्ही दोनदा पाहिलं होतं. मार्च गेला, एप्रिल गेला, करांच्या वादावर लोक तासन्‌तास बोलत राहिले. आमचं विधेयक रोज कार्यक्रमपत्रिकेवर आणि रोज उद्यावर. साहेबांनी नखं खाल्ली. मीही खाल्ली. आर्लिसबाई दर शुक्रवारी फोन करायच्या. "जिवंत आहे का गं?"

"आहे अजून."

"मग ठीक. मीही आहे."

मेच्या एका गुरुवारी अखेरचं वाचन ठरलं. आर्लिसबाईंचा नवरा लेनर्ड मक्याच्या पेरणीत अडकलेला, बाईंना त्या दिवशी एकट्याने यायचं नव्हतं, म्हणून पहाटे मीच जाऊन त्यांना घेऊन आले. मर्ना आणि शेरिल आधीच गॅलरीत बसल्या होत्या. अखेरच्या वाचनाला प्रत्येक सिनेटरने आपापल्या जागेवर बसायचं असतं, आणि कारकून विधेयक मोठ्याने वाचतो. आमचा कारकून वाचतो लिलाव पुकारल्यासारखं, श्वास न घेता. एरवी सगळे त्याला हसतात. कलमं संपली, यादी सुरू झाली. आडनावांच्या क्रमाने. ब आला. "ब्रुन्स, एल्डा एम., मॅट्रन, हॅडली काउंटी, एकोणीसशे बासष्ट." पुढच्या क्षणी तो पुढच्या नावावर गेलासुद्धा.

"एवढं पटकन?" आर्लिसबाई कुजबुजल्या.

"बाकीच्यांचंही तेवढंच पटकन," मर्ना म्हणाली.

"हो," आर्लिसबाई म्हणाल्या. "बाकीच्यांसारखंच." आणि त्यांनी मान डोलावली, दोनदा.

मतदान झालं. फळ्यावर हिरवे दिवे लागत गेले. सेहेचाळीस बाजूने, विरोधात कुणी नाही. माझा जीव भांड्यात पडला. खाली साहेब आपल्या खुर्चीत मागे रेलून बसले, रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं. शेजारचे सिनेटर त्यांच्या पाठीवर थोपटत होते. मग त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं आणि कपाळाशी दोन बोटं नेली, गणवेशातल्यासारखी.

परतताना दहा मैल मागे पडले. मग बाई एकदम म्हणाल्या, "आई फार वाईट गायची."

"काय?"

"गायची. भांडी घासताना. इतकं बेसूर की कैदी आतून ओरडायचे, मिसेस ब्रुन्स, आम्हाला शिक्षा झालीये, पण इतकी नाही. आणि ती मग आणखी मोठ्याने गायची." त्यांना हसू आवरेना. "कॉफीत अंड्याचं कवच टाकायची, गाळ खाली बसावा म्हणून. उन्हाळ्यात मागच्या पायऱ्यांवर बसून पाय बादलीत सोडायची. माझी वेणी इतकी घट्ट घालायची की माझे डोळे वर ओढले जायचे. बेथनी, हे सगळं कुठे होतं गं? इतकी वर्षं मला एक दारच दिसत होतं."

त्या बोलत राहिल्या, मैलामागून मैल. आईचे बूट, आईच्या शिव्या, आईने एकदा शेरीफच्या टोपीत कोंबडीची पिल्लं ठेवली होती ते. दोन्ही बाजूंना नुकती पेरलेली काळी शेतं होती. मग आवाज मंदावला. बघते तर मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, झोपलेल्या.

घरी पोहोचलो तेव्हा लेनर्ड ट्रॅक्टरवरून उतरून, टोपी हातात घेऊन फाटकाशी आला. त्याने काचेतून आत वाकून बघितलं.

"काय झालं?" घाबरलेल्या आवाजात त्याने मला विचारलं.

"मंजूर झालं. आणि झोपल्या."

"दिवसाढवळ्या?" तो म्हणाला. "ही?"

त्याने दाराच्या कडीला हात लावला होता, तो काढून घेतला. मग गाडीला टेकून उभा राहिला, आणि मला खुणेने इंजिन बंद करू नकोस म्हणाला, आवाज थांबला तर जाग येईल.